डब्याआधी पिशवी उघडा

या महिन्याच्या पत्रांत निम्मी पत्रं विसरण्यावरची आहेत. दिवाळीला सुरत-पुण्याची मुलं घरी येऊन गेली आणि 'आबा बदललेत' हे सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं असावं. दर वर्षी असंच होतं. गावांची नावं छापते आहे, माणसांची नाहीत.

प्रश्न : मॅडम, माझे वडील 74 वर्षांचे आहेत, आम्ही त्यांना आबा म्हणतो. 31 वर्षं कापसाच्या जिनिंग कारखान्यात होते. साखर आणि बीपी आहे. वर्षभरापासून विसरतात. कापसाचे पैसे आले का, हे परवा एका दिवसात तीनदा विचारलं. सुरतच्या मेहुण्यांनी 'मेंदूचं पेप्टाइड' म्हणून पावडरचा डबा दिला. अक्रोड आणि दुधाच्या प्रथिनांतून काढलंय म्हणे. महिन्याला 2,850 रुपये. दोन डबे संपले. आई म्हणते फरक आहे, मला दिसत नाही. पेप्टाइड म्हणजे नेमकं काय? तिसरा डबा आणू का?
(पारोळा तालुका)

उत्तर : भाऊ, तिसरा डबा आणू नका. कारण सांगते, जरा लांबेल.

प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ समजा. मणी म्हणजे अमिनो आम्लं. माळ तुटली की होणारे तुकडे ती पेप्टाइडं. दोन मण्यांचा तुकडा असो की चाळीस मण्यांचा, नाव तेच. दूध विरजलं, डाळ पचली, अंडं पचलं की ती तयार होतातच, त्यासाठी कुणी डबा आणत नाही.

आता डब्यावर न छापलेली गोष्ट. इन्सुलिन हेही 51 मण्यांचं पेप्टाइडच. 1922 मध्ये ते पहिल्यांदा माणसाला टोचलं, आणि शंभर वर्षांनंतरही तुमच्या गल्लीतली माणसं ते सुईनेच घेतात. का? कारण गिळलेल्या इन्सुलिनला पोट उडदाच्या वरणासारखंच वागवतं. जठरात पेप्सिन, पुढे ट्रिप्सिन, मग आतड्याच्या भिंतीवरची पाचक द्रव्यं, सगळी मिळून माळ कातरत जातात. शेवटी सुटे मणी उरतात आणि काही दोन-तीन मण्यांचे तुकडे. हे बारके तुकडे आतड्यातून रक्तात जाऊ शकतात, हे खरं आहे. पण रक्तातही कातरणारे बसलेले असतात, आणि त्यातून जे वाचेल त्याच्यापुढे मेंदूचा पहारा. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना अशा घट्ट चिकटलेल्या असतात की फटीतून काही सरकत नाही. डब्यातल्या चमच्यापासून तिथपर्यंतचा प्रवास कुणी सिद्ध केला आहे का, हे मेहुण्यांना विचारा.

मेहुण्यांवर अन्याय नको म्हणून दुसरी बाजूही सांगते. या विषयावर खरं संशोधन चालू आहे. जपानमध्ये पनीर-चीजच्या निवळीतल्या प्रथिनापासून मिळणाऱ्या चार मण्यांच्या एका पेप्टाइडाचा उंदरांवर अभ्यास झाला, उंदरांची स्मरणशक्ती सुधारलेली दिसली. मग माणसांवर लहान चाचण्या झाल्या: शंभर-सव्वाशे माणसं, बारा आठवडे, काही परीक्षांत किंचित बरे गुण. पण ती सगळी धडधाकट माणसं होती, तुमच्या आबांसारखी नव्हेत, आणि संशोधकांत उत्पादक कंपनीचे लोक होते. अक्रोडाचं म्हणाल तर त्याचा अर्क सोडा, अख्खे अक्रोडच बार्सिलोना आणि कॅलिफोर्नियात सहाशेहून जास्त निरोगी वयस्कांना दोन वर्षं रोज खायला घालून पाहिले. 2020 मध्ये निकाल आला: सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर बुद्धीच्या परीक्षांत फरक नाही.

आणि पोटातून रक्तात पोचणारं पेप्टाइड खरोखर मिळालं तर? तेही करून झालं आहे. सेमाग्लुटाइड, म्हणजे साखरेचं आणि वजनाचं हल्ली गाजणारं औषध, 31 मण्यांचं पेप्टाइड आहे. त्याची गोळी निघाली. ती पोटात टिकावी म्हणून तिच्यात एक खास मदतनीस घालावा लागतो. उपाशीपोटी, अर्धा ग्लास पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही. एवढं करून शंभरातला एक भागही धड रक्तात जात नाही, पण काम होण्याइतकं जातं. हीच गोळी सुरुवातीच्या अल्झायमरच्या सुमारे 3,800 माणसांना देऊन दोन वर्षं पाहिलं. नोव्हेंबर 2025 मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की आजाराची चाल मंदावली नाही. एवढ्या तयारीच्या पेप्टाइडाची ही गत, तर कोमट दुधात ढवळलेल्या चमच्याकडून काय धरायचं?

आईंना दिसलेला फरक मात्र मी खोटा म्हणणार नाही. दोन महिने त्या रोज सकाळी दूध कोमट करून, पावडर ढवळून, पेला संपेपर्यंत आबांसमोर बसल्या असतील. दूध चालू ठेवा. बसणंही.

खरी काळजी मला दुसरीच आहे. तुमच्या पत्रात डबा आहे, त्याची किंमत आहे. आबा रोज कोणत्या गोळ्या घेतात, त्यातली एकही नाही.

मागच्या पावसाळ्यात धरणगावकडचे एक आजोबा चोपड्याला माझ्या दवाखान्यात आले होते. लेकीने कापडी पिशवी टेबलावर उलटी केली. 14 पाकिटं, एक बाटली, आणि तळाशी सुपारीचं खांड. मी नेहमीसारखे दोन ढीग केले. उजवीकडे बीपी आणि साखर. डावीकडे बाकीचं: दोन हिवाळ्यांपासून नाक गळतं म्हणून रोज रात्री घेतलेली सर्दीची गोळी, तळपायाच्या आगीसाठी अमिट्रिप्टिलिन, तीन वर्षांपूर्वी चक्कर आली होती तेव्हापासून चालूच राहिलेली चक्करची गोळी, आणि झोपेची. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन आणि अमिट्रिप्टिलिन ही दोन्ही औषधं मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन नावाच्या निरोप्याला अडवतात. अल्झायमरमध्ये कमी पडतो तोच हा निरोप्या. एकेक गोळी वेगवेगळ्या डॉक्टरांनी चांगल्या हेतूने दिलेली. पिशवी मात्र कुणीच उलटी केलेली नाही.

मी विचारलं, "बाबा, आज कोणता वार?" त्यांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. ती कानाशी जाऊन ओरडली. तेव्हा म्हणाले, "बजारना दिन शे." तो खरंच त्यांच्या गावचा बाजाराचा दिवस होता. शहरातल्या परीक्षेच्या कागदावर या उत्तराला शून्य मिळालं असतं. कान पाहिले तर दोन्हीकडे तुरीच्या दाण्याएवढा मळ. रक्तात बी-12 होतं 112, म्हणजे फारच कमी. साखरेची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-12 उतरतं, त्यात ते शाकाहारी, शिवाय ॲसिडिटीची गोळी रोज. कान साफ केले, बी-12 ची इंजेक्शनं दिली, डावा ढीग टप्प्याटप्प्याने कमी केला. तीन महिन्यांनी आले तेव्हा चष्मा हरवतच होते, पण दुधाचा हिशेब पुन्हा स्वतः ठेवत होते.

सगळ्यांचं असं होत नाही. पुष्कळदा पिशवी रिकामी करूनही आजार तिथेच असतो आणि वाढतो. पण आधी पिशवीच उघडायची. आबांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला, बंद केलेल्या, उसन्या आणलेल्या आणि झाडपाल्याच्याही, आणि ती पिशवी तुमच्या डॉक्टरांसमोर उलटी करा. बी-12, थायरॉइड, सोडियम तपासायला सांगा. मागच्या काही महिन्यांत डोक्याला मार लागला होता का, ते आठवून सांगा. कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्तही विसरभोळेपणासारखंच दिसतं आणि ते काढता येतं. घरच्या घरी एकही गोळी बंद करू नका, झोपेची तर मुळीच नाही. ती एकदम थांबवली तर झटकेही येऊ शकतात.

आणि 31 वर्षं जिनिंग! त्या आवाजात निम्मं आयुष्य गेलेल्या माणसाचे कान तपासल्याशिवाय त्याला विसराळू म्हणूच नये. न ऐकलेलं आठवणार कुठून? अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 माणसांवर श्रवणयंत्राची तीन वर्षांची चाचणी झाली. सगळ्यांचा मिळून फायदा दिसला नाही, पण हृदयाच्या एका जुन्या अभ्यासातून घेतलेल्या, बुद्धी घसरण्याचा धोका जास्त असलेल्या माणसांच्या गटात ती घसरण जवळपास निम्म्याने कमी होती. साखर आणि बीपी असलेले आबा त्याच गटाच्या जवळचे. दोन डब्यांचे 5,700 रुपये गेलेच आहेत, पुढचे यंत्राकडे वळवा.

प्रश्न : सासूबाईंना जळगावच्या डॉक्टरांनी विसरण्यासाठी डोनेपेझिल ही गोळी चालू केली. आधी 5 मिलीग्रॅम, आता 10. तेव्हापासून त्यांना लघवी थांबत नाही, लुगडं ओलं होतं, त्या लाजून खोलीबाहेरच येत नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली. आता त्या जास्तच गोंधळल्या आहेत. आजार वाढला का? या गोळ्यांनी स्मृती परत येते का?
(यावल)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मी खुर्चीतून उठले, कारण हीच चूक मी स्वतःच्या वडिलांबाबत केली आहे.

दादा रेल्वेत गार्ड होते, भुसावळला. आजार सुरू झाला तेव्हा रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडून स्टेशनं म्हणवून घ्यायचे. भुसावळ, भादली, जळगाव, शिरसोली, म्हसावद, माहेजी... करत गाडी मनमाडला न्यायची. माझी घरगुती परीक्षा होती ती, आणि त्यांचा अभिमान. डोनेपेझिल 10 वर गेलं आणि त्यांना लघवीची घाई होऊ लागली. मी डॉक्टर, मीच ऑक्सिब्युटिनिन चालू केलं. ओलं व्हायचं थांबलं. पंधरा दिवसांत गाडी म्हसावदला अडकायला लागली. "पुढे सिग्नल नाही," म्हणायचे. मला वाटलं, आजार पुढे सरकला. चार महिने असंच वाटत राहिलं.

झालं होतं असं. डोनेपेझिल ॲसिटिलकोलीनला मोडू देत नाही, म्हणून ते मेंदूत जास्त वेळ टिकतं. पण ते फक्त मेंदूतच टिकत नाही. आतड्यात टिकतं म्हणून जुलाब, मूत्राशयात टिकतं म्हणून घाई, हृदयाशी टिकतं म्हणून नाडी मंद. ऑक्सिब्युटिनिन त्याच ॲसिटिलकोलीनचा रस्ता बंद करतं. एक बैल पुढे ओढतोय, दुसरा मागे, आणि नांगर जागीच. पहिल्या गोळीच्या त्रासाला नवा आजार समजून दुसरी गोळी देणं ही जगभर नोंदलेली चूक आहे. मला पुस्तकातून ठाऊक होती, घरात दिसली नाही.

तेव्हा उद्याच ज्यांनी डोनेपेझिल दिलं त्यांना लघवीच्या गोळीचं नाव सांगा. कदाचित ते 10 वरून 5 वर आणतील, कदाचित दुसऱ्या प्रकारची लघवीची गोळी देतील, मिराबेग्रॉनसारखी, जी या रस्त्याला हात लावत नाही. आधी लघवी तपासून जंतुसंसर्ग नाही ना, तेही बघतील. नाडी 50 च्या आसपास असेल किंवा सासूबाईंना भोवळ येत असेल तर उद्याची वाट पाहू नका.

स्मृती परत येते का? नाही. डोनेपेझिल 1996 पासून वापरात आहे, त्यामुळे त्याची ताकद चांगली मोजलेली आहे: 70 गुणांच्या परीक्षेत सहा महिन्यांनी सरासरी अडीच-पावणेतीन गुणांचा फरक. काहींच्या घरी तो 'आंघोळ स्वतः करतात' एवढा दिसतो, काहींच्या घरी काहीच दिसत नाही. आजार मधल्या टप्प्यावर गेला की मेमँटिन जोडतात, तिचाही फायदा याच मापाचा. मी या गोळ्या लिहिते. तीन-चार महिन्यांनी घरच्यांना विचारते आणि फरक नसेल, त्रास असेल तर बंद करण्याबद्दल बोलते.

दादांचं ऑक्सिब्युटिनिन बंद केल्यावर पाचव्या आठवड्यात गाडी पाचोऱ्यापर्यंत गेली. मनमाडला पुन्हा कधीच पोचली नाही.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत आहे. तो म्हणतो तिकडे अल्झायमरची नवी इंजेक्शनं निघाली, आईला तिकडे घेऊन येतो. आई 79 वर्षांची, आता घरच्यांची नावंही चुकते, हृदयासाठी रक्त पातळ करण्याची गोळी घेते. न्यावं का?
(शहादा)

उत्तर : मुलाची माया समजते, पण तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून मी नाही म्हणेन.

तो म्हणतोय ती लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब. तिकडच्या औषध प्रशासनाने पहिलीला जुलै 2023 मध्ये पूर्ण मान्यता दिली, दुसरीला जुलै 2024 मध्ये. मेंदूत साचणाऱ्या अमिलॉइड नावाच्या प्रथिनाला ती धुऊन काढतात, आणि खरंच काढतात. लेकॅनेमॅबच्या मुख्य चाचणीत 1,795 माणसं होती, दीड वर्ष दर दोन आठवड्यांनी सलाइनमधून औषध. घसरण 27 टक्के मंदावली. ऐकायला मोठं वाटतं. मापावर बघितलं तर 18 गुणांच्या पट्टीवर 0.45 गुणांचा फरक, आणि घसरण थांबली नाहीच. औषध घेणाऱ्या दर आठ जणांत एकाच्या मेंदूत एमआरआयवर सूज दिसली, काहींच्या मेंदूत बारीक रक्तस्राव झाला. बहुतेकांना त्याचा त्रास जाणवला नाही, पण मृत्यूही झाले आहेत. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असली की हा धोका चढतो. शिवाय ही औषधं अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहेत, आणि त्या आधी अमिलॉइड आहे हे स्कॅनने किंवा पाठीच्या कण्यातलं पाणी तपासून सिद्ध करावं लागतं. बाजारात आणताना लेकॅनेमॅबची वर्षाची किंमत 26,500 डॉलर ठेवली होती. त्यात एमआरआयचे फेरे धरलेले नाहीत.

मुलाला म्हणावं, तिकीट तू काढ आणि आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, इकडे ये.

प्रश्न : वडील माळकरी आहेत. विसरण्यासाठी एका ठिकाणी 20 इंजेक्शनांचा कोर्स सांगितला, 'मेंदूचं टॉनिक, पेप्टाइडचं' म्हणून. शेजारच्या मेडिकलवाल्याने हळूच सांगितलं की ते डुकरापासून असतं. खरं आहे का?
(अमळनेर)

उत्तर : सेरेब्रोलायसिन असेल तर मेडिकलवाल्याने खरं सांगितलं. डुकराच्या मेंदूतली प्रथिनं कातरून केलेली पेप्टाइडं आणि अमिनो आम्लं असतात त्यात. सुईने देतात, म्हणजे वर सांगितलेली पोटाची अडचण नाही. पण उपयोगाचा पुरावा फार कच्चा आहे. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या विसराळूपणात काही लहान चाचण्यांत थोडा फायदा दिसला, पण त्या चाचण्या इतक्या कमकुवत होत्या की तपासणाऱ्यांनी नेहमीच्या वापराची शिफारस केली नाही. अमेरिकेत त्याला मान्यताच नाही.

वडिलांना न सांगता देऊ नका. विसरतात म्हणून त्यांची माळ काही कुणी उतरवलेली नाही. इंजेक्शन कशाचं आहे हे आधी सांगायला हवं होतं, ते काम मेडिकलवाल्यावर यायला नको होतं.

प्रश्न : ताकात पेप्टाइडं असतात असं वाचलं. मग ताक, कळण्याची भाकरी आणि भरीत हा आपला आहार मेंदूसाठी चांगलाच की! बरोबर ना?
(रावेर)

उत्तर : अर्धं बरोबर. विरजणातले जंतू दुधातलं केसीन कातरतात, त्यातून तीन-तीन मण्यांची काही पेप्टाइडं निघतात. जपानमध्ये आंबवलेल्या दुधातली अशी दोन रक्तदाब थोडा उतरवतात असं दिसलं. पण ती विशिष्ट जंतूंची करामत, तुमच्या घरच्या विरजणात कोणते जंतू आहेत ते विरजणालाच माहीत. ताक प्या, आवडतं म्हणून. कळण्यातले उडीद आणि ज्वारी चांगलीच. भरताची हिरवी वांगी तर खाच, त्यावर तरंगणारं तेल मात्र अर्धं करा. 'मेंदूचा आहार' म्हणून अमेरिकेत 604 जणांवर तीन वर्षांची चाचणी झाली, तिचा निकाल 2023 मध्ये आला. नेहमीचंच खाऊन थोडं वजन उतरवणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा फारसा फरक निघाला नाही. तेव्हा ताटाकडून चमत्कार मागू नका.

तुम्ही न विचारलेलं मीठ मात्र मोजा. ताकात घातलेलं, ठेच्यातलं, पापडातलं, बिबड्यांतलं. रक्तदाबाचा आणि मेंदूचा संबंध पेप्टाइडांपेक्षा कितीतरी पक्का आहे. साखर नसलेल्या नऊ हजारांवर माणसांतल्या निम्म्यांचा वरचा दाब 120 च्या खाली ठेवून पाहिला, बाकीच्यांचा 140 च्या, तर 120 वाल्यांत सौम्य विसराळूपणा कमी जणांना झाला. तुमचा दाब किती, ते पत्रात नाही. घरात मशीन असेल तर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा आणि ते आकडे डॉक्टरांना दाखवा.